स्पोर्ट्स कारसाठी स्प्रिंगचा कडकपणा कसा ठरवायचा? (एमएक्स-5 आणि नॉर्डश्लाइफ)

मिहीर_श्टुटगार्ट | 3 मे, रात्री 10:12

नमस्कार मंडळी. जर्मन फोरमवर हा प्रश्न टाकला की प्रत्येक जण आपल्या गाडीतला आकडा सांगतो आणि तो आकडा का, हे कोणी सांगत नाही. म्हणून इथे मराठीत विचारतोय.

गाडी 2001 ची माझदा एमएक्स-5, दुसरी पिढी, 1.8 लिटर. तीन वर्षांपूर्वी जुनी घेतली. आधीच्या मालकाने उंची कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर (डँपर आणि त्याच्याभोवती स्प्रिंग, असा एकत्र जोड) बसवले होते. स्प्रिंग पुढे 8 किलो/मिमी आणि मागे 6. गाडी जमिनीला चिकटल्यासारखी खाली आहे आणि दिसते फार सुंदर, हे मान्य करतो.

वर्षातून पाच-सहा वेळा न्यूरबुर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकला जातो. तिथल्या जुन्या 20.8 किलोमीटरच्या नॉर्डश्लाइफवर सार्वजनिक फेऱ्या असतात, त्यात. दोन तक्रारी आहेत.

1. संथ वळणात नाक बाहेर ढकललं जातं. स्टीअरिंग आणखी वळवलं तरी गाडी सरळच जाऊ पाहते.
2. वेगाच्या वळणात मधेच उंचवटा किंवा खळगा आला की मागची बाजू एकदम सुटते. हळूहळू नाही, झटक्यात. श्वेडेनक्रॉइझ नावाच्या तिथल्या वेगवान वळणाला एकदा असं झालं, तेव्हापासून तिथे पाय आपोआप वर येतो.

एक मित्र म्हणतो, पुढे 10 टाक, गाडी स्थिर होईल. दुसरा म्हणतो, मागे 8 टाक, नाक आत येईल. दोघांचं ऐकलं तर 10 आणि 8 होतात, म्हणजे बैलगाडी. मला आकडा नको, आकडा काढायची रीत हवी आहे. कोणी सांगेल का?

शेवटचा_बाक | 3 मे, रात्री 10:40

वाचतोय. किलो/मिमी म्हणजे नेमकं काय, तेही कोणीतरी सांगा. माझ्याकडे फक्त स्विफ्ट आहे, पण उत्सुकता आहे.

गॅरेजगप्पा | 3 मे, रात्री 11:05

@शेवटचा_बाक, 8 किलो/मिमी म्हणजे ती स्प्रिंग 1 मिमी दाबायला 8 किलो भार लागतो. 10 मिमी दाबायला 80. अमेरिकेतली मंडळी हेच पौंड प्रति इंचात सांगतात. 8 किलो/मिमी म्हणजे साधारण 450 पौंड/इंच.

मिहीर, आमच्याकडे पुण्यात येणाऱ्या दहापैकी आठ पोरांना स्प्रिंगचा आकडा नको असतो, गाडी खाली हवी असते. आणि त्यातले दोन जण स्प्रिंग कापून आलेले असतात. ग्राइंडरने एक वेटोळं उडवायचं, झालं काम. वेटोळी कमी झाली की स्प्रिंग कडक होते, हे खरं. पण कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक हवेत लोंबकळलं की स्प्रिंग जागा सोडते. एका पोलोची स्प्रिंग अशीच बाहेर येऊन टायरला घासत होती, टायरच्या आतल्या बाजूचा धागा दिसायला लागला होता. पोराला मी चहा पाजला आणि गाडी ठेवून घेतली.

हे तुझ्यासाठी नाही, वाचणाऱ्यांसाठी लिहिलं. तुझी केस मोठ्या लोकांनी बघावी.

सुसाट_सातारकर | 4 मे, पहाटे 2:20

मिहीर, मी इंग्लंडमध्ये आहे आणि माझ्याकडे पहिल्या पिढीची एमएक्स-5 आहे. पुढे 10, मागे 6. कॅसल कूम आणि डोनिंग्टनला चालवतो. गाडी रुळावर असल्यासारखी जाते. तुझ्या पहिल्या मित्राचं बरोबर आहे.

कारण सांगतो. मागची चाकं गाडी ओढतात. वळणातून बाहेर पडताना पाय दाबला की मागच्या आतल्या चाकाला जमीन हवी. मागची बाजू मऊ ठेवली तर ते चाक जमिनीवर राहतं. पुढची कडक ठेवली तर झोल कमी होतो आणि पुढच्या टायरचा कोन बिघडत नाही. शर्यतीतल्या बऱ्याच एमएक्स-5 अशाच, पुढून कडक असतात.

ऋतुजा_फॉर्म्युला | 4 मे, सकाळी 9:15

मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आमची टीम फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या शर्यत-गाड्यांच्या स्पर्धेला कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर गाडी नेते. सस्पेन्शन माझ्याकडे होतं, म्हणून धीर करून लिहिते.

दोन गाड्यांचे स्प्रिंगचे आकडे थेट ताडता येत नाहीत. स्प्रिंग चाकावर बसलेली नसते, आर्मवर कुठेतरी आत बसलेली असते. चाक 10 मिमी वर गेलं तर स्प्रिंग 7 मिमीच दाबली जाते, असं काहीतरी. हे 0.7 म्हणजे मोशन रेशो. आणि चाकाला जाणवणारा कडकपणा काढताना त्याचा वर्ग घ्यायचा. म्हणजे 8 ची स्प्रिंग, रेशो 0.7, तर चाकाला जाणवतात 8 गुणिले 0.49, म्हणजे 4 च्याही खाली.

पहिल्या वर्षी आमच्या टीमने वर्ग घ्यायचा विसरला होता. गाडी बनली, ट्रॅकवर गेली, ब्रेक मारला की नाक जमिनीला टेकायचं. तो आठवडा मी विसरणार नाही.

शेवटचा_बाक | 4 मे, सकाळी 9:50

वर्ग का? एकदाच गुणायला हवं ना?

ऋतुजा_फॉर्म्युला | 4 मे, सकाळी 10:30

दार बिजागरीजवळ ढकलून बघा. जोर जास्त लागतो, आणि हात थोडासाच सरकतो. स्प्रिंग बिजागरीच्या बाजूला, चाक कडीच्या बाजूला. स्प्रिंग कमी दाबली गेली म्हणून तिचा जोर कमी, हा एक तोटा. आणि तो कमी जोरही चाकापर्यंत पोचताना तरफेमुळे आणखी घटतो, हा दुसरा. दोन तोटे, म्हणून दोनदा गुणायचं.

शेवटचा_बाक | 4 मे, सकाळी 10:34

दार ढकलून आलो. समजलं. 🙏

अनुजा_मिशिगन | 4 मे, सायंकाळी 6:45

छान चाललाय धागा. ऋतुजा, दाराचं उदाहरण मी ऑफिसात वापरणार आहे.

मी डेट्रॉइटजवळ याच क्षेत्रात काम करते, चौदा वर्षं झाली. मिहीर, रीत हवी म्हणालास म्हणून रीतच सांगते.

स्प्रिंगचा आकडा शेवटी येतो. त्याआधी ठरवायची ती वारंवारिता: गाडीचा एकेका चाकावरचा कोपरा स्प्रिंगवर सेकंदाला किती वेळा वर-खाली डोलतो. साध्या घरगुती गाड्या 1 ते 1.5 हर्ट्झमध्ये असतात. रस्त्यावरच्या कडक स्पोर्ट्स कार 1.5 ते 2. ट्रॅकवरच्या, पण पंखांनी हवेचा दाब न घेणाऱ्या, 2 ते 2.5. हवेच्या दाबावर जगणाऱ्या शर्यतीच्या गाड्या त्याच्या खूप वर. वारंवारितेचा फायदा असा की ट्रक असो की एमएक्स-5, वजन आणि मोशन रेशो दोन्ही त्यात आधीच आलेले असतात. ऋतुजा म्हणते तसं स्प्रिंगचे आकडे ताडता येत नाहीत, वारंवारिता ताडता येते.

आता पुढे आणि मागे किती? इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. मॉरिस ऑली नावाचे इंजिनिअर रोल्स-रॉइसमधून 1930 साली कॅडिलॅकमध्ये आले. 1932 मध्ये त्यांनी एक मोठी गाडी घेतली, तिला पुढे-मागे वजनं सरकवायची सोय केली, स्प्रिंगही बदलता येतील अशी व्यवस्था केली, आणि वेगवेगळ्या जोड्या लावून माणसांना फिरवून आणलं. निष्कर्ष असा की मागची वारंवारिता पुढच्यापेक्षा थोडी जास्त हवी. कारण उंचवटा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला नंतर. मागची बाजू उशिरा डोलायला लागते, पण भरभर डोलत पुढच्या बाजूला गाठते, आणि गाडी नाक-शेपूट असं झुलायच्या ऐवजी सपाट वर-खाली होते. एमएक्स-5 चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 2265 मिमी. ताशी 100 ला दोन धक्क्यांमधलं अंतर सेकंदाच्या आठ शतांशांच्या आसपास.

सातारकर, तुमची मांडणी याच्या उलट आहे आणि तरी तुमची गाडी चांगली चालते, हेही खरं आहे. त्यावर नंतर लिहिते, मीटिंग आहे.

मिहीर, तोपर्यंत चार गोष्टी आण: चारही चाकांवरचं वजन (तू गाडीत बसलेला, अर्धी टाकी), पुढचा-मागचा मोशन रेशो स्वतः मोजून, अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून झोल रोखणारी दांडी) कंपनीचेच आहेत का, आणि डँपरच्या (डोलणं थांबवणाऱ्या शॉकच्या) दांड्यावर बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यापर्यंत, किती जागा उरते. शेवटचं विसरू नकोस.

नाना_चिंचवड | 4 मे, रात्री 9:30

अनुजाताईंनी उत्तम लिहिलं. मी निवृत्त माणूस, आयुष्य ट्रकच्या पाट्यांमध्ये (पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये) गेलं. आमच्या वेळी वारंवारिता काढायला संगणक लागत नसे. गाडीच्या भाराने स्प्रिंग (चाकापाशी मोजून) किती सेंटिमीटर दबली ते घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, 5 ला त्याने भागा. आली हर्ट्झमध्ये. 25 सेंटिमीटर दबली तर 1 हर्ट्झ. 6 सेंटिमीटरच्या थोडी वर दबली तर 2 हर्ट्झ. ड्रॉइंग बोर्डावर पेन्सिलीने समासात व्हायचं हे.

ट्रकची अडचण वेगळी. रिकामा आणि भरलेला यात मागच्या कण्यावरचं वजन कित्येक पटींनी बदलतं. भरलेल्याला बरोबर बसवलेला पाटा रिकाम्याला दगड होतो. म्हणून तर मदतीचा दुसरा पाटा वर बसवतात, भार आला की तो कामाला लागतो. रिकामा ट्रक खंबाटकीत उड्या मारताना दिसला की ड्रायव्हरला दोष देऊ नका, तो पाटा भाराची वाट बघत असतो.

मिहीर, स्पोर्ट्स कारचं सुख हे की एक माणूस आणि अर्धी टाकी, वजन जवळजवळ ठरलेलं. नेम धरून स्प्रिंग लावता येते.

घाटवाट | 4 मे, रात्री 10:10

नाना, खंबाटकीचं वाचून बरं वाटलं. लहानपणी कराडला जाताना बसमध्ये मागच्या सीटवर बसायचो, मुद्दाम, उडायला मिळावं म्हणून.

मिहीर_श्टुटगार्ट | 8 मे, दुपारी 4:00

आणलं सगळं. इथल्या एका क्लबच्या वर्कशॉपमध्ये चार वजनकाटे असतात, शनिवारी गाडी चढवली.

मी आत, अर्धी टाकी: पुढे 292 आणि 288, मागे 268 आणि 272. एकूण 1120 किलो.

मोशन रेशो जॅकने मोजला. स्प्रिंग काढली, अँटी-रोल बारची लिंक सोडली, चाक 50 मिमी वर उचललं आणि डँपर किती आत गेला ते पाहिलं. पुढे 36, म्हणजे 0.72. मागे 39, म्हणजे 0.78. बार दोन्ही कंपनीचे.

बंप स्टॉपपर्यंतची जागा: पुढे दांड्यावर 30 मिमी. मागे 18. हे चांगलं की वाईट कळत नाही.

अनुजा_मिशिगन | 8 मे, सायंकाळी 7:20

18?! हे वाचून मी चहा बाजूला ठेवला. पण आधी हिशोब.

चाक, टायर, हब, ब्रेक वगैरे स्प्रिंगच्या खालचं वजन एका कोपऱ्याला 32 किलो धरू. मग स्प्रिंगवरचं वजन पुढे 258, मागे 238.

पुढे 8 ची स्प्रिंग, म्हणजे 78.5 न्यूटन/मिमी. गुणिले 0.72 चा वर्ग, चाकापाशी 40.7. वारंवारिता 2.0 हर्ट्झ.
मागे 6 ची, 58.8 न्यूटन/मिमी. गुणिले 0.78 चा वर्ग, चाकापाशी 35.8. वारंवारिता 1.95 हर्ट्झ.

म्हणजे 8 आणि 6 हे आकडे दिसायला लांब, पण दोन्ही टोकं जवळजवळ सारखीच डोलतात. यात मूर्खपणाचं काही नाही. आधीच्या मालकाने किंवा विकणाऱ्याने विचार केलेला आहे.

पहिल्या मित्राचे 10 घातले तर पुढची 2.23 होईल. दुसऱ्या मित्राचे मागे 8 घातले तर मागची 2.25. पण स्प्रिंग बदलायच्या आधी ते 18 मिमी बघ.

वळणात बाहेरच्या चाकांवर जो जादा भार जातो, त्याची बेरीज स्प्रिंग ठरवत नाही. ती वजन, गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधली रुंदी आणि वळणाचा जोर ठरवतात. गुरुत्वमध्य 46 सेंटिमीटरवर आणि वळण 0.9 जी धरलं, तर तुझ्या गाडीत आतून बाहेर जाणारा भार सुमारे 3200 न्यूटन. स्प्रिंग आणि बार फक्त वाटणी करतात, पुढच्या जोडीने किती घ्यायचा आणि मागच्या जोडीने किती. जे टोक कडक, ते जास्त घेतं. आणि टायरचा स्वभाव असा की भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, कमीच वाढते. म्हणून जास्त भार घेणारी जोडी आधी घसरते. सातारकरांची गाडी पुढून कडक आहे, म्हणून शेपूट शांत राहतं. बरोबर आहे.

आता मागच्या वाट्याला निम्मा, 1500-1600 न्यूटन. त्यातला काही सस्पेन्शनच्या दांड्यांमधूनच जातो, काही बार घेतो. स्प्रिंगला हजारभर न्यूटन उरले असं धर. 1000 भागिले 35.8, म्हणजे बाहेरचं मागचं चाक 28 मिमी वर जाणार. तुझ्याकडे चाकापाशी जागा किती? 18 भागिले 0.78, म्हणजे 23.

वळणात नुसतं टेकलं की तू बंप स्टॉपवर आहेस, मिहीर. वर खळगा आला की रबर दबून दगड होतं, मागची बाजू एका क्षणात पुढच्यापेक्षा कितीतरी कडक, आणि शेपूट सुटतं. श्वेडेनक्रॉइझला तुझ्या मागच्या उजव्या कोपऱ्यात स्प्रिंग नव्हतीच, रबराचा ठोकळा होता.

गॅरेजगप्पा | 8 मे, रात्री 8:05

ताई, एकदम पटलं. आमच्याकडे त्याला बफर म्हणतात. खाली केलेल्या गाड्यांचे बफर चावलेल्या बिस्किटासारखे होऊन येतात. मिहीर, खात्री करायची असेल तर दांड्याला एक केबल टाय घट्ट आवळ आणि डँपरच्या बॉडीपर्यंत खाली सरकव. एक फेरी मारून ये. टाय कुठपर्यंत ढकलला गेलाय ते बघ.

सुसाट_सातारकर | 9 मे, पहाटे 1:15

अनुजाताई, हिशोब मान्य. माझ्याकडेही मागची जागा कमी असणार, पण मी गुळगुळीत ट्रॅकवर चालवतो, तिथे बफर लागला तरी हळूच लागतो. नॉर्डश्लाइफवर मी एकदा दुसऱ्याच्या गाडीत बाजूला बसलो होतो. फुक्सरोहरेच्या उताराच्या तळाशी जो दाब येतो त्यात मान छातीत जाते. तिथे माझी गाडी आपटेल.

पण एक विचारतो. पुढून कडक ठेवणं ऑलींच्या नियमाच्या विरुद्ध आहे, तर मग शर्यतीवाले ते का करतात? नियम चुकीचा की शर्यतीवाले?

अनुजा_मिशिगन | 9 मे, दुपारी 3:30

कोणीच चुकीचं नाही. ऑली मऊ स्प्रिंगच्या, लांब आरामगाड्यांचा अभ्यास करत होते. त्या काळच्या डँपरमध्ये डोलणं चटकन थांबवायची ताकद नव्हती. नाक-शेपूट झुलणं ही तिथली खरी अडचण. वारंवारिता 2 च्या वर गेली आणि डँपर जोरदार असले, की गाडी एक-दीड झोक्यातच शांत होते. मागचीने पुढचीला गाठायचा प्रश्न मागे पडतो आणि पकडीची वाटणी महत्त्वाची ठरते. म्हणून ट्रॅकवर पुढून कडक गाडी चालते.

पण मिहीर त्या गाडीतून पुन्हा श्टुटगार्टला घरी जातो, आणि नॉर्डश्लाइफ हा ट्रॅक असला तरी पोटातून रस्ता आहे: चढ, उतार, उंचवटे, करूसेल वळणातले काँक्रीटचे तुकडे. माझं मत, आणि हे मत आहे, सिद्धांत नाही: अशा रस्त्याला मागची वारंवारिता पुढच्यापेक्षा किंचित वर ठेवावी. टोकांचा तोल शेवटचा जो थोडा राहील तो अँटी-रोल बारने साधावा. स्प्रिंग उंचवट्यावरही बोलते आणि वळणातही. बार फक्त वळणात बोलतो, दोन्ही चाकं एकत्र वर गेली की गप्प बसतो. म्हणून तोल लावायला बार सोयीचा.

नाना_चिंचवड | 9 मे, दुपारी 4:10

"बार फक्त वळणात बोलतो." व्वा.

ऋतुजा_फॉर्म्युला | 9 मे, सायंकाळी 5:00

एक जोडते. बार कडक करत गेलं की एका बाजूचा धक्का दुसऱ्या बाजूला पोचतो, आणि मागचा बार फार कडक केला तर आतलं मागचं चाक हलकं होऊन फिरायला लागतं, विशेषतः साध्या डिफरन्शिअलला (डाव्या-उजव्या चाकांत इंजिनाचा जोर वाटणाऱ्या गिअरला). कारीला पोलो धावताना मी बघितल्यात, मागचं आतलं चाक तीन-चार बोटं हवेत. त्यांना चालतं, ते चाक गाडी ओढत नाही. एमएक्स-5 ला परवडणार नाही. फ्रंट-व्हील ड्राइव्हवाल्यांचे सल्ले उचलताना हे बघावं.

घाटवाट | 9 मे, रात्री 9:45

माझ्या पोलोचं चाक फक्त सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर हवेत जातं. पण वाचायला मजा येतेय.

पेट्रोल_पुराण | 10 मे, सकाळी 8:20

एवढा खटाटोप कशाला? कॉइलओव्हरची खालची रिंग फिरवून प्रीलोड वाढवा, स्प्रिंग कडक होईल. पैसे वाचतील.

अनुजा_मिशिगन | 10 मे, सकाळी 9:05

नाही हो, हा फार पसरलेला गैरसमज आहे. सरळ स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास, वेटोळ्यांची संख्या आणि पोलाद यावर ठरतो. तारेची जाडी चौथ्या घातात येते: 12 मिमीची तार 13 केली, बाकी सगळं तेच, तर स्प्रिंग 38 टक्के कडक. पण आधी दाबून बसवली म्हणून पुढचा मिलिमीटर जड होत नाही. 8 ची स्प्रिंग 8 चीच राहते. रिंग वर फिरवली की गाडी उचलली जाते, एवढंच.

आणि मिहीर, नेमकं तेच तुला करायचंय. पण कुठली रिंग हे बघ. तुझ्या कॉइलओव्हरला दोन सोयी असतील: स्प्रिंगची बैठक आणि बॉडी खालच्या टोकात फिरवायची सोय. बॉडी फिरवून गाडी उचललीस तर बंप स्टॉपपर्यंतची जागा तीच राहते. बैठक वर फिरवलीस तर दांडा बाहेर येतो आणि जागा वाढते. बैठक फिरव.

पेट्रोल_पुराण | 10 मे, सकाळी 9:40

हे माहीत नव्हतं. दहा वर्षं मी उलटं सांगत होतो लोकांना. धन्यवाद.

मिहीर_श्टुटगार्ट | 18 मे, रात्री 11:30

न्यूरबुर्गरिंगवरून आत्ताच घरी आलो. चार फेऱ्या झाल्या.

पहिली फेरी जुन्याच उंचीवर, केबल टाय लावून. मागचे दोन्ही टाय बंप स्टॉपमध्ये घुसलेले, रबरावर खोल खूण. पुढे टाय स्टॉपच्या अलीकडेच थांबला होता. म्हणजे अनुजाताईंचा कागदावरचा हिशोब तंतोतंत.

मग पार्किंगमध्येच मागची बैठक 12 मिमी वर फिरवली, म्हणजे चाकापाशी 15 मिमी. पुढची थोडी, उंची जुळवायला. गाडी आता आधीइतकी सुंदर दिसत नाही. आधी वाईट वाटलं, मग दुसरी फेरी मारली.

श्वेडेनक्रॉइझला पाय थोडासाच उचलला. उंचवटा आला, मागची बाजू खाली बसली, वर आली, आणि बस. सुटली नाही. मी हेल्मेटमध्ये "आई गं" म्हणालो, मोठ्याने. फुक्सरोहरेत तळाशी आपटण्याचा आवाज येतो असं मला वाटायचं, रस्त्याचा आहे असं समजत होतो. तो आवाजच नाही आता. तीन वर्षं मी स्प्रिंगला नावं ठेवत होतो आणि स्प्रिंगला काम करायला जागाच नव्हती.

दुसरी तक्रार गेली. पहिली आहे अजून, संथ वळणात नाक ढकलतं, उलट किंचित वाढलंय.

अनुजा_मिशिगन | 19 मे, पहाटे 5:10

हे वाचून दिवस चांगला जाणार. नाक किंचित वाढलं तेही बरोबर आहे: आधी बंप स्टॉप मागची बाजू कडक करून नाकाला मदत करत होता, फक्त ती मदत भलत्या वेळी यायची.

आता स्प्रिंगचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू झाला. मी असते तर मागे 6 तशीच ठेवली असती आणि पुढे 7 घेतली असती. पुढची वारंवारिता 1.87, मागची 1.95, चार टक्क्यांनी वर. पुढच्या जोडीवरचा भाराचा वाटा कमी होतो, नाक आत येतं. शेपूट फार बोलकं झालं तर पुढे जरा जाड, छिद्रं बदलून लावता येणारा बार.

डँपरचं भय नाही. कडक स्प्रिंग लावली की त्याच डँपरची पकड तोकडी पडते: 8 वरून 10 ला गेलास तर दमनाचं प्रमाण दहा-अकरा टक्क्यांनी घटेल. 8 वरून 7 ला उलट सहा-सात टक्के वाढेल. रिबाउंडचा (स्प्रिंग परत उलगडताना डँपर जो विरोध करतो त्याचा) एखादा टिचका कमी कर. आणि 7 ची स्प्रिंग त्याच भाराने 6 मिमीच्या वर जास्त दबेल, तेवढी पुढची बैठक वर घे, नाहीतर पुढच्या स्टॉपची जागा खाशील.

सुसाट_सातारकर | 19 मे, सकाळी 11:00

मी अजूनही पुढे 8 च ठेवून मागे 7 म्हणालो असतो, कारण ब्रेकिंगमध्ये नाक कमी खाली जातं. मागची 2.1 होईल. पण मग मागची पकड जाईल आणि पावसात न्यूरबुर्गरिंगवर ते नको. ठीक आहे ताई, 7 आणि 6 ला माझं मत. माझ्या गाडीवर मात्र 10 च राहणार.

गॅरेजगप्पा | 19 मे, दुपारी 12:30

मिहीर, जर्मनीत स्प्रिंग अशी मनाने बदलता येते का? इथे कोणी विचारत नाही, म्हणून विचारतो.

मिहीर_श्टुटगार्ट | 19 मे, रात्री 9:00

नाही येत. कॉइलओव्हरसोबत प्रमाणपत्र असतं, त्यात स्प्रिंगचा प्रकार आणि उंचीची मर्यादा लिहिलेली असते. त्याबाहेरची स्प्रिंग लावली की वाहन नियमावलीच्या कलम 21 खाली त्या एका गाडीची स्वतंत्र तपासणी करून कागदावर नोंद करावी लागते. गेल्या आठवड्यात तपासनिसाला आधीच भेटून आलो. माणूस चांगला निघाला, त्याच्याकडे स्वतःची जुनी एमएक्स-5 आहे. त्याने दोनच गोष्टी विचारल्या: चाक पूर्ण लोंबकळलं तरी स्प्रिंग बैठकीत सैल होणार नाही ना, आणि स्टीअरिंग पूर्ण वळवून चाक दाबलं तर टायर कुठे घासत नाही ना. गॅरेजगप्पांनी वर लिहिलेली पोलोची गोष्ट मी त्याला सांगितली. त्याने मान हलवली, म्हणाला असे रोज येतात.

पुढच्या 7 च्या दोन स्प्रिंग मागवल्यात. तपासणी 4 जूनला. त्याआधी पुन्हा काट्यावर चढवून आकडे इथे टाकतो.

नाना_चिंचवड | 19 मे, रात्री 9:25

स्प्रिंग आल्या की लावायच्या आधी प्रेसवर दाबून बघ बाळा. छापलेला आकडा आणि खरी स्प्रिंग यात फरक निघतो, आणि डावी-उजवीमध्ये तर नकोच. 10 मिमी दाब, भार वाच, आणखी 10 दाब, पुन्हा वाच. दोन्ही वाचनांत सारखी वाढ आली पाहिजे.

मिहीर_श्टुटगार्ट | 19 मे, रात्री 9:40

नक्की, नाना. क्लबमध्ये हातप्रेस आहे, काटाही आहे. शनिवारी दाबतो.

शेवटचा_बाक | 19 मे, रात्री 10:15

मी माझ्या स्विफ्टच्या चारही चाकांमागे टॉर्च घेऊन बघून आलो. मागच्या डाव्या बाजूचा बफर जागेवरच नाही. गॅरेजगप्पा, उद्या येऊ का?

गॅरेजगप्पा | 19 मे, रात्री 10:22

या. दहाच्या आत या, नंतर गर्दी असते.